साळूबाईचा दहावा

कावळे भिंतीवर बसून पिंडाकडे बघत होते. खाली एकही उतरत नव्हता.

तुरुंगाच्या अंगणात कडूबा उघड्या अंगाने बसला होता. समोर विटेवर भाताचा पिंड. भात तुरुंगातलाच, कुबट वासाचा. त्याच्या बायकोचा, साळूबाईचा, आज दहावा. मूलबाळ नव्हतं. पिंड त्यालाच द्यायचा होता.

आणीबाणीचं दुसरं वर्ष होतं. या बराकीतले सगळे स्थानबद्ध. कुणावर खटला नाही, कुणाला तारीख नाही. साळूबाई आजारी असल्याची तार ऑफिसात पडून राहिली. कडूबाच्या हातात आली तेव्हा साळूबाई गेलेली होती.

सकाळी जेलर एक कागद घेऊन आला होता. सरकारविरुद्ध पुन्हा काही करणार नाही, एवढंच त्यात होतं. सही केली की औरंगाबादेच्या या तुरुंगातून जीप निघणार होती, थेट त्याच्या घरी सिल्लोडला.

"पुन्हा म्हंजी?" कडूबा म्हणाला होता. "आधी पहिल्या बारीला काय केलं ते सांगा. मग देतो लिहून."

आता ऊन वर आलं. मंत्र सांगायला बसलेले, बराकीतलेच अनंतराव वकील हळूच म्हणाले, "कडूबा, तिचं काही राहिलं असेल मनात. बोल."

कडूबाने हात जोडले. "म्हैस इकणार नाय. शेजारच्या बन्सीकडं ठेवीन."

कावळे हलले नाहीत.

"तुझ्या भाचीचं लगीन मी लावून देईन."

"आरं, दुधाचा चहा पाजीन म्हण," मागून कुणीतरी म्हणालं. "जलमभर कोराच पाजला व्हय तिला?" दोघे-तिघे हसले.

जेलर लांब उभा होता. बूट त्याने पायरीशीच काढून ठेवले होते. "बराक बंद करायची वेळ झाली," तो म्हणाला. "दर्भाचा कावळा करा, शिववा आणि आत चला."

"गवताचा कावळा नाय चालायचा," कडूबा म्हणाला.

"आत चला म्हणतो ना!"

कुणी उठलं नाही. बराकीच्या दारात उभे होते तेही येऊन कडूबाच्या मागे बसले. जेलरने शिपायांकडे पाहिलं. शिपाई पिंडाकडे बघत राहिले.

कडूबा उठला.

"साहेब, तिची इच्छा माझ्यापाशी नाय. तुमच्यापाशी हाय. दर मुलाखतीला जाळीतून तुम्हालाच इचारायची, माझ्या माणसाचा गुन्हा काय? तुम्ही म्हणायचे, वरून हुकूम हाय. आता सांगा तिला."

"मला काय माहीत, बाबा?"

"मंग तेच सांगा. ती थांबलीय."

जेलरने भिंतीकडे पाहिलं. मग खाली बसलेल्या माणसांकडे. कुणाची नजर हलत नव्हती. त्याने टोपी काढली, अनवाणी दोन पावलं पुढे आला आणि पिंडाकडे बघत पुटपुटला, "बाई, गुन्हा... काही दाखल नाही."

"मोठ्यानं बोला, साहेब," कडूबा म्हणाला. "तिला कमी ऐकू यायचं."