नुसत्या टाळ्या

"आई, आता ऐक!" मंजिरी बाहेरून ओरडली. नवा सेट-टॉप बॉक्स तिनं होम थिएटरला जोडला होता. स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवरचा तेलकट स्पीकर एकदम बोलू लागला. मॅचची कॉमेंट्री, अगदी शब्द न् शब्द.

कुमुदताईंचं लाटणं थांबलं. बारा वर्षांपूर्वी मंजिरीच्या बाबांनी हौसेनं तो स्पीकर आत आणून लावला होता. "तुलाही मॅच ऐकू येईल," म्हणाले होते. पण त्यातून कॉमेंट्री कधी आलीच नाही, यायच्या त्या नुसत्या टाळ्या नि गलका. मग त्या विचारायच्या, "काय झालं हो?" आणि ते उठून दारात यायचे, चौकटीला टेकून सांगायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि स्पीकरही मुका झाला.

"बाबांनी वायर चुकीच्या जागी खोचली होती, मागच्या स्पीकरच्या. तिथून फक्त प्रेक्षकांचा आवाज येतो," मंजिरी आत येऊन म्हणाली. "मी तेव्हाच म्हटलं होतं, नीट करून देते. तर म्हणाले, राहू दे. तेवढंच तिच्याकडे जाणं होतं."

तव्यावरची पोळी करपली.

"होती तशीच लाव," कुमुदताई म्हणाल्या.

"अगं, मग नुसत्या टाळ्या ऐकू येतील!"

"येऊ देत."

जरा वेळानं फळीवर टाळ्यांचा कडकडाट झाला. "काय झालं हो?" सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

मंजिरी बाहेर टीव्हीसमोर बसली होती. ती उठली, दारात आली, चौकटीला टेकली.

"चौकार."