पुरं प्रेशर

धुळ्यात योगेंद्र प्रेशर मशीननं लोकांची घरं धुऊन द्यायचा. लेकीच्या लग्नाआधी ठेकेदार भिकननानांनी त्याला बंगला धुवायला बोलावलं. रंगाचे पापुद्रे निघतील या धास्तीनं त्यानं पाण्याचा जोर बेतानंच ठेवला, तर नाना झोपाळ्यावरून कुचकं हसले.

"घाबरस काय रे? हाई घर मी सोता बांधेल शे. लाव पुरं प्रेशर!"

त्यानं लावलं. वर्षानुवर्षांचं शेवाळ वाहून गेलं, पण भिंतीचा कणही हलला नाही. नाना माणूस कसेही असोत, काम मात्र पक्कं करतात, असं योगेंद्रला मनापासून वाटलं.

समोरच नानांनी ठेका घेऊन बांधलेली नवी अंगणवाडी होती. सोमवारी उद्घाटन, आणि भिंतींवर चिखलाचे शिंतोडे. आपली धाकटी लेक इथंच येऊन बसणार, म्हणून योगेंद्रनं चालू मशीनचा पाईप फुकटातच तिकडे वळवला.

नाना अनवाणी धावत सुटले. "बंद कर रे भो, बंद कर! तिले नुसतं ओलं फडकं फिरव, तेबी हळू!"