टेलिफोन लाइनवरची अक्का

राजारामपुरीत मी पदार्थविज्ञान शिकवतो. इंटरनेट केबलचे ठेवावे की टेलिफोन लाइनचे, हे ठरवण्यासाठी महिनाभर दोन्हींवरून शिरोळच्या थोरल्या बहिणीला, अक्काला, व्हिडिओ कॉल केले. केबलवर उत्तर किंचित उशिरा येई. टेलिफोन लाइनवर मात्र मी विचारण्याआधीच अक्का म्हणे, "झालं की जेवाण." मी योगायोग मानला. आज कृष्णेला पूर होता. टेलिफोन लाइनवर अक्का रडत होती. "तुझा निरोप दिला रे, अमरेशनं ऐकलं न्हाय. पोरगं ट्रॅक्टरसकट वाहून गेलं." मी निरोप दिलाच नव्हता. पडताळणीसाठी केबलवरून कॉल लावला. अक्का चहा पीत होती. मागे तिचा मुलगा अमरेश ट्रॅक्टरवर चढत होता. "अडव त्याला," मी ओरडलो. किंचित उशिरा तिने हाक मारली, "अमरेश, मामा थांब म्हणतोय." "मामाला म्हणावं, मास्तरकी कॉलेजात करा," तो हसला. केबलवर ट्रॅक्टरचा आवाज स्वच्छ येत होता.