ओलीच्या अकरा रेघा

गॅरेजची खोली करून तिथे शिकवण्या घ्यायच्या, हे सुनेनं पक्कं केलं होतं. नवऱ्याचं पालुपद मात्र एकच, "एवढा पावसाळा जाऊ दे, मग बघू." तरी तिनं गवंड्याला बोलावलंच.

"पावसाआधी उरकेल. पण ओल कुठवर चढते ते कळल्याशिवाय मी गिलाव्याला हात लावत नाही," म्हणत त्यानं जुनं कपाट सरकवलं. मागे भिंतीवर पेन्सिलीच्या अकरा रेघा होत्या. प्रत्येकीपुढे एकेक साल.

"ताई, अकरा पावसाळे कुणी ओल मोजत बसलं होतं?"

सून चक्रावली. दारातून सासूबाई म्हणाल्या, "मी. मला इथे शिवणाचा क्लास काढायचा होता. दरवर्षी ह्यांना विचारायचे."

"मग बाबा काय म्हणायचे?"

"तुझा नवरा म्हणतो, तेच."

गवंडी अजून वाकून बघत होता. "पण आजी, सगळ्यात वरची रेघसुद्धा वीतभर उंच नाही. एवढ्याशा ओलीनं काम कशाला अडायचं?"

"ओलीनं कुठे अडलं होतं?"

सुनेनं एकदा सासूबाईंकडे पाहिलं.

"मामा, उद्या सकाळीच या," ती म्हणाली.