चिमीची दृष्ट

"विचार ना तिला, मम्मी-पप्पांची जास्त लाडकी कोण, तू की ती?" मैत्रिणींनी पैजच लावली, आणि केतकीने मागचापुढचा विचार न करता घरच्या बिस्किटांच्या वेबसाइटवर चिमीला विचारून टाकलं.

वेबसाइटवर लाइक, कमेंट आणि गप्पांची सोय केली, तेव्हा गिऱ्हाइकांशी बोलायला पप्पांनी केतकीच्या लहानपणच्या व्हिडिओंवरून ही स्क्रीनवरची बोलकी एआय चिमी बनवून घेतली होती. केतकी बघता बघता दहावीला आली. चिमी मात्र पाच वर्षांचीच राहिली, गोबऱ्या गालांची आणि बोबडी.

"मम्मी मला लोज गोष्ट सांगते," चिमी म्हणाली. "तुला सांगते?"

मैत्रिणी खिदळल्या. केतकीही हसली, आणि मम्मीला चांगलं चिडवायचं ठरवून घरी पळाली.

दुकानामागच्या खोलीत मम्मी मुठीत मीठ, मोहरी, मिरच्या घेऊन स्क्रीनवरून ओवाळत होती.

"हे काय गं मम्मी?"

"श्श, दृष्ट काढताना मध्ये बोलू नये," पप्पा कुजबुजले. "आज लाखभर लोकांनी बघितलंय पोरीला."

आपली दृष्ट शेवटची कधी काढली होती, ते केतकीला काही केल्या आठवेना. ती हळूच स्क्रीनला खेटून उभी राहिली. मम्मीची मूठ तिला वळसा घालून चिमीवरूनच फिरली.

"सरक जरा," पप्पा म्हणाले. "चिमी झाकली जातेय."

केतकी सरकली, पार दारापर्यंत.

"दहावी झाली की मी नाशिकला मावशीकडे राहायला जाणार," ती म्हणाली. "कायमची. तुमच्याकडे मुलगी आहेच."