वरच्या खोलीतला कॉम्प्युटर

हिरवा दिवा याही वेळी लागला नाही.

लाडकुंवरने बटणावरचे बोट काढले, पदर खोचला आणि टेबलावरचा दिवा त्याच सॉकेटमध्ये लावून पाहिला. दिवा लागला. मग तिने कॉम्प्युटरची वायर बदलली. यंत्र मुकेच राहिले.

दाराशी बसलेले उत्तमचंद सुनेकडे कौतुकाने पाहत होते. चाळीसगावच्या बाजारात त्यांचे कापडाचे दुकान होते. पण अलीकडे गिऱ्हाइकाला ते कापडाआधी सुनेविषयीच सांगत. जळगावच्या पदविकेच्या वर्गात ती पहिली होती. केळीचा माल कोणत्या बागेतून कधी निघाला म्हणजे रेल्वेची वाघीण चुकणार नाही, हे सांगणारा प्रोग्राम तिने स्वतः लिहिला होता. उद्या तो संस्थेत सादर करायचा होता. तो पोचला तर तिथेच शिकवण्याची नोकरी. नाही तर वर्ष वाया. आणि प्रोग्राम होता तो याच पेटीत. राखीसाठी ती धुळ्याला माहेरी जाऊन राहिली, परतून पाहते तो कॉम्प्युटर बंद.

"बीनणी, पर्युषण सुरू आहे," सासूबाई झमकूबाई जिन्यातून सुनेला हाक मारत म्हणाल्या. "पाण्याचं गाळणं बदलायचं तुला सुचत नाही, त्या डब्याची धूळ मात्र रोज पुसतेस. आज तरी स्थानकात प्रवचनाला चल."

"येते, बाईजी. एवढं सुरू झालं की."

"ते सुरू झालं की तू कसली येतेस!"

उत्तमचंद मिशीतल्या मिशीत हसले.

दुकानातला जुना माणूस हिलाल टॉर्च आणि पेचकस घेऊन वर आला. लाडकुंवरने एकेक स्क्रू काढून ताटलीत क्रमाने मांडला. हिलाल डोळे विस्फारून बघत राहिला.

"भाऊ, वहिनीनी बठ्ठं उघाडी टाकं! हाई परत जुडी का?"

"तुझी सायकल नाही ती, हिलाल. बीनणीनं जोडलं की एकही स्क्रू उरत नाही."

झाकण बाजूला झाले. लाडकुंवरने टॉर्च धरून हात आत घातला आणि झटकन मागे घेतला.

"शॉक बसला?" उत्तमचंद अर्धवट उठले.

"नाही, बाबूजी."

ती पुन्हा वाकली. बराच वेळ तशीच राहिली. टॉर्च विझवून ती सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"आज नाही होणार."

"मग ती डिस्क काढून जळगावला ने. सगळं तिच्यातच असतं, असं तूच म्हणाली होतीस."

"आतलं काहीच हलवता येणार नाही, बाबूजी."

"आणि उद्या?"

तिने प्लग उपसून बाजूला ठेवला, झाकण अलगद वर टेकवले आणि हिलालला म्हणाली, "हिलालभाऊ, काही दिवस या खोलीत कुणी येऊ नये, एवढं बघा."

खाली झमकूबाईंचा आवाज चढला. "बंद पडलं ना? बरं झालं! आता तरी धर्माकडे लक्ष देशील."

"हो, बाईजी," लाडकुंवर म्हणाली आणि त्यांच्या मागोमाग जैन स्थानकाकडे निघाली.

हिलालही दुकानात गेला. उत्तमचंद एकटेच उरले. मुलीने इतक्या लवकर हार मानावी, हे त्यांच्या मनाला लागले. वर्षभर पहाटे उठून अभ्यास करणारी, सासूचे टोमणे हसून झेलणारी ही मुलगी, आणि आज झाकणाचे स्क्रूसुद्धा तसेच टाकून गेली. निदान तेवढे तरी बसवावेत म्हणून ते उठले. बसवण्याआधी मात्र त्यांना राहवले नाही. त्यांनी झाकण उचलले आणि टॉर्च लावली.

दोष समोरच होता. बटणाकडून आलेल्या तारेची दोन टोके मोकळी लोंबत होती. तरुणपणी कापसाच्या जिनिंग कारखान्यात मोटारींची कामे पाहिलेल्या उत्तमचंदांना ती चुटकीसरशी जोडता आली असती. एवढे लाडकुंवरला दिसले नाही? त्यांनी टोके धरण्यासाठी हात पुढे केला, टॉर्च जरा खाली झुकवली.

तारेमागे, डिस्कला लागून, कुरतडलेल्या चिंध्यांच्या गादीवर बोटाच्या पेराएवढी उंदराची गुलाबी पिल्ले, डोळेही न उघडलेली, एकमेकांना बिलगून झोपली होती.