शेवटचा टाका आधी

या, पुढं सरकून बसा, एका शिंपीणबाईची गोष्ट सांगतो. वीस वर्षं कपडे शिवून पंचेचाळिसाव्या वर्षी ती वेबसाइट बनवायला शिकली, नोकरीलाही लागली. ऑफिसात सगळे तिला मावशी म्हणत. एके दिवशी ग्राहक यायला दहा मिनिटं उरली आणि नव्या मुलीच्या हातून काहीतरी चुकून वेबसाइट पार कोरी पडली. साहेब कडाडले, "हे सुधारलं नाही तर उद्यापासून येऊ नकोस!"

मुलगी रडकुंडीला आली. "मावशी, तुम्हीच करा ना!"

मावशीची बोटं शिवशिवली. पण तिनं हात पाठीमागं बांधले. "मी नाही. शेवटचं काय जोडलंस? ते आधी उसव. मग त्याच्या आधीचं."

मुलीनं एकेक बदल मागं घेतला. तिसरा बदल काढताच वेबसाइट लख्ख उभी राहिली! साहेबांनीही टाळी वाजवली आणि विचारलं, "मावशी, हे कुठल्या कोर्सात शिकलात?"

"कसला कोर्स, साहेब! सासूबाई माझी चुकलेली शिवण मलाच उसवायला लावायच्या. तेव्हा त्यांना मी दुष्ट म्हणायचे."

मंडळी, देवापुढं हात जोडाल, तेव्हा त्या सासूबाईंनाही आठवा.